मुलाखतीनंतरची पत्रे आणि रँक लिस्ट

आपले पत्र काळजीपूर्वक वाचले. आपल्या मुलीने एमबीबीएसनंतर अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी (रुग्णालयातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी) अर्ज केले, सात रुग्णालयांच्या मुलाखती झाल्या, आणि आता सातही ठिकाणी ‘तुमचीच संस्था माझी पहिली पसंती आहे’ असे कळवावे का, असे आपण विचारता. एका प्रोग्राम डायरेक्टरने, म्हणजे तेथल्या रेसिडेन्सी प्रशिक्षणाच्या प्रमुखाने, ‘तुम्ही आमच्याकडे आलात तर आम्हाला आनंद होईल’ असे लिहिल्यामुळे तेथील जागा जवळपास नक्की झाली असे तिला वाटते, आणि न्यूजर्सीतले आपले मेहुणे दोन ठिकाणी शब्द टाकायला तयार आहेत.

सात ठिकाणी असे मुळीच लिहू नये. सातांपैकी सहा पत्रे खोटी ठरतात, आणि खोटे लिहून डॉक्टरकीची सुरुवात करावी असे मला मनापासून वाटत नाही. शिवाय त्याची गरजही नाही. आपल्याकडच्या नीट-पीजीच्या प्रवेशफेरीत गुणवत्ता क्रमांक, आरक्षणाचा प्रवर्ग आणि विद्यार्थ्याचा पसंतीक्रम पाहिला जातो, महाविद्यालयाला स्वतःची निवड नसते. अमेरिकेत एनआरएमपी या रेसिडेन्सीच्या जागा जुळवून देणाऱ्या संस्थेच्या ‘मॅच’मध्ये मात्र उमेदवार आणि प्रोग्राम दोघेही आपापली रँक लिस्ट, म्हणजे पसंतीक्रमाची यादी, देतात, आणि संगणक उमेदवाराच्या यादीतील पहिल्या नावापासून जुळणी करत खाली येतो. ही उमेदवाराला झुकते माप देणारी पद्धत अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांच्या सहभागाने तयार होऊन 1998 च्या मॅचपासून लागू झाली; रॉथ यांना 2012 मध्ये नोबेल मिळाले. तिचा व्यवहारातला अर्थ असा, की अवघड वाटणारे रुग्णालय पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने दुसऱ्या क्रमांकावरची संधी तसूभरही कमी होत नाही. म्हणून त्या डायरेक्टरच्या आपुलकीच्या वाक्याखातर तिने क्रम बदलू नये. असे लेखी वा तोंडी बोलणे कोणालाही बांधून ठेवत नाही. बंधन येते ते मॅचच्या निकालाचे.

आभाराचे पत्र मात्र अवश्य लिहावे, आणि शक्यतो एक-दोन दिवसांत. ज्या प्रोग्रामने मुलाखतीनंतर पत्रव्यवहार नको असे कळवले असेल, तेथे एक ओळही पाठवू नये. ती सूचना पाळणे हाच तेथला शिष्टाचार. इतर ठिकाणी पाच-सहा वाक्ये पुरतात, पण त्यात त्या मुलाखतीचीच एखादी गोष्ट हवी. ‘रात्रपाळीत इंटर्नजवळ सीनियर रेसिडेंट कसा थांबतो हे आपण समजावून सांगितलेत, ते माझ्या लक्षात राहिले’ असे एक वाक्य तिने खरोखर ऐकलेल्या गोष्टीवरून लिहिले, तर ते गौरवाच्या दहा विशेषणांपेक्षा अधिक बोलते. माझ्या एका विद्यार्थ्याने एकच मजकूर सगळीकडे पाठवताना दुसऱ्याच रुग्णालयाचे नाव तसेच राहू दिले होते. तेव्हापासून प्रत्येक पत्र कोऱ्या पानावर लिहायला मी सांगतो.

पहिली पसंती कळवायचीच असेल, तर ती एकाच ठिकाणी, यादीचा क्रम मनाशी पक्का झाल्यावर कळवावी. स्टेप 3 चा (अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेच्या शेवटच्या टप्प्याचा) निकाल किंवा परदेशी वैद्यकीय पदवीधरांना पात्र ठरवणारे ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र मुलाखतीनंतर हाती आले, तर ते को-ऑर्डिनेटरला जरूर कळवावे, विशेषतः एच-1बी व्हिसा देणाऱ्या प्रोग्रामना, कारण त्या व्हिसासाठी स्टेप 3 उत्तीर्ण असणे आवश्यक असते. उलट, ‘आम्हाला कितव्या क्रमांकावर ठेवणार?’ किंवा ‘आणखी कोठे मुलाखती झाल्या?’ असे विचारायला एनआरएमपीच्या नियमांनी प्रोग्रामला मनाई आहे. तसे कोणी विचारलेच, तर ‘हे मी सांगू इच्छित नाही’ असे तिने नम्रपणे म्हणावे.

मेहुण्यांनी तिचे काम स्वतः पाहिलेले नसेल, तर त्यांनी फोन करू नये. तिच्याबरोबर ज्यांनी वॉर्डात काम केले आहे, अशा एखाद्या डॉक्टरांनी आपणहून चार शब्द कळवले तर त्याला वजन असते. आपणही, वडील म्हणून, कोठे ई-मेल करू नये ही विनंती. मुलगी आता डॉक्टर आहे आणि तिच्या वतीने पालक लिहितात हे तिच्या विरोधात जाऊ शकते.

रँक लिस्टची मुदत साधारणपणे मार्चच्या आरंभी असते आणि यादी नुसती भरून चालत नाही, ती ‘सर्टिफाय’, म्हणजे अंतिम म्हणून नक्की, करावी लागते. मुदत संपते ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रात्री नऊला, म्हणजे त्या दिवसांत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला. तिने हे काम आठवडाभर आधीच उरकून घ्यावे.