नाकाबंदीत पोलिसांनी मोबाईल उघडून दाखवायला सांगितलं, तर दाखवावाच लागतो का?

नाही. पण फोन चाळणं वेगळं आणि जप्त करणं वेगळं, हे आधी लक्षात घ्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० खाली लायसन्स आणि गाडीची कागदपत्रं मागता येतात, व्हॉट्सॲप नाही. २०२१ मध्ये हैदराबादेत पोलीस वाटसरूंच्या चॅटमध्ये 'गांजा' हा शब्द शोधताना दिसले आणि त्यावर टीकेची झोड उठली, ती याच कारणाने. जप्तीचा अधिकार मात्र आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १०६ नुसार गुन्ह्याशी संबंधाचा संशय हवा, मॅजिस्ट्रेटला लगेच कळवायला हवं. कलम १०५ नुसार जप्तीचं चित्रीकरणही करायला हवं. म्हणून आवाज न चढवता एवढंच म्हणा, "साहेब, हवा असेल तर पंचनामा करून जप्त करा." सहज बघायला निघालेला माणूस एवढ्या कागदांच्या भानगडीत सहसा पडत नाही.

जप्त केलाच, तर पंचनाम्यात मॉडेल, आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, *#०६# डायल केल्यावर दिसतो) आणि फोन लॉक होता की उघडा, हे लिहून घ्या. लॉकची नोंद राहून गेली, तर नंतर कुणी काय उघडलं हे सिद्ध करणं कठीण.

पिन सांगावा लागतो का, यावर न्यायालयांत एकमत नाही. न्यायालय तसा आदेश देऊ शकतं, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. आरोपीवर सक्ती नको, असं दिल्लीने २०२३ मध्ये. बोटाचं लॉक त्याहून कच्चं: बोटांचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असं सर्वोच्च न्यायालय १९६१ पासून सांगतंय. फोन बंद करून चालू केला की पहिल्यांदा पिनच मागतो, बोट चालत नाही.

खरी गडबड होते डिजिलॉकरमुळे, म्हणजे कागदपत्रं ठेवायच्या सरकारी ॲपमुळे. लायसन्स दाखवायला उघडलेला फोन हातातून जातो तो जातोच. फोन एकाच ॲपवर अडकवून ठेवणारी सोय, अँड्रॉइडमध्ये 'ॲप पिनिंग' (त्यातला बाहेर पडताना पिन मागायचा पर्यायही), आयफोनमध्ये 'गायडेड ॲक्सेस', सेटिंगमध्ये आधीच चालू करून ठेवा आणि फोन हातात देण्याआधी डिजिलॉकरवर लावा. मग पिनशिवाय त्या ॲपबाहेर जाता येत नाही.

हिसकाहिसकी मात्र करू नका, सरकारी कर्मचाऱ्यावर बळ वापरल्याचं कलम, भारतीय दंड संहितेतलं पूर्वीचं ३५३ म्हणजे आताचं न्याय संहितेचं १३२, लागू शकतं. चॅट पुसायच्या मागेही लागू नका; पुरावा नष्ट केल्याचं कलम २४१ वेगळं लागतं. आणि 'बेकायदा घेतलेला पुरावा कोर्टात टिकत नाही' यावर विसंबू नका. तो अमेरिकन सिनेमातला नियम. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या पूरनमल निकालापासून असा पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही, त्यामुळे फोन एकदा उघडून दिलात की नंतरची तक्रार फारशी कामाला येत नाही.