लेखिकेचे पहिले पुस्तक कधी वाचावे?

प्रश्न : आमच्या वाचनालयात जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेच्या प्रेमकथांची एक अख्खी फळी आहे. ‘व्हेनेशिया’, ‘कोटिलियन’ आणि ‘फ्रेडरिका’ या तिन्ही कादंबऱ्या मी अधाशासारख्या वाचून काढल्या. मग ठरवले की आता सगळे क्रमाने वाचायचे, म्हणून तिची पहिली कादंबरी ‘द ब्लॅक मॉथ’ घरी आणली आणि शंभरएक पानांतच गाडी अडली. नायक नको इतका सद्गुणी, संवाद नाटकी आणि योगायोगांना तर सुमारच नाही. ही तीच लेखिका आहे, यावर विश्वास बसत नाही. सुरुवातीच्या कादंबऱ्या सोडून द्याव्यात की नेटाने पुऱ्या कराव्यात? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : पुस्तक परत करू नका, मुदत वाढवून घ्या आणि मध्ये १९२६ सालची ‘दीज ओल्ड शेड्स’ वाचा. तेवढे एक पुस्तक वाचून झाल्यावर ‘द ब्लॅक मॉथ’कडे परत आलात, तर आज कंटाळवाणी वाटणारी पानेही तुम्ही लक्ष देऊन वाचाल, असे मला वाटते. लेखकाचे सगळे क्रमाने वाचण्याचा आपला हट्ट अभ्यासकाला शोभतो. आनंदासाठी वाचणाऱ्याने आधी लेखकाच्या भरातली पुस्तके वाचावीत आणि मग मागे जावे.

‘द ब्लॅक मॉथ’ १९२१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा हेयर एकोणीस वर्षांची होती, आणि गोष्ट रचायला तिने सुरुवात केली होती ती सतराव्या वर्षी, आजारी धाकट्या भावासाठी. बोरिसला रक्त न गोठण्याचा विकार होता. अंथरुणावर पडून कंटाळलेल्या मुलाचे मन रमावे, एवढाच त्या गोष्टीचा मूळ हेतू. हे ध्यानात घेतले की तुमच्या बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो. अंथरुणावरच्या मुलाला स्वभावचित्रणाची सूक्ष्मता नको असते, त्याला तलवार, घोडा आणि अपहरण हवे असते, आणि हेयरने ते सढळ हाताने पुरवले आहे. पत्त्यांत लबाडी धाकटा भाऊ रिचर्ड करतो, आळ मात्र थोरला जॅक आपल्या अंगावर घेतो, समाजातून उठतो, वाटमारी करू लागतो, आणि लुटायला थांबवलेल्या गाडीत नेमका जुना जिवलग मित्र निघतो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये रस्ते इतके थोडे होते की काय, असे वाटावे!

मात्र या गोष्टीत एक माणूस जॅकपेक्षा वेगळ्या मापाने बेतला आहे. तो म्हणजे खलनायक, अँडोव्हरचा ड्यूक ट्रेसी. शीर्षकातला काळा पतंग तोच. जॅक पानावर आला की लेखिका त्याची बाजू मांडू लागते. ट्रेसी आला की ती नुसती पाहत राहते : त्याचे सावकाश बोलणे, कपड्यांचा काटेकोरपणा, बहिणीभावांशी असलेले त्याचे तुसडे पण सुटू न शकणारे नाते. डायना नावाच्या मुलीला तो पळवून नेतो, जॅक तिला सोडवतो, आणि कथेच्या हिशेबाप्रमाणे ट्रेसी हरतो. वाचकाच्या मनात मात्र तोच उरतो, आणि माझा तर्क असा की तो लेखिकेच्याही मनात उरला असावा, कारण पाच वर्षांनी तिने त्यालाच नायक केले.

‘दीज ओल्ड शेड्स’मध्ये नावे बदलली आहेत, म्हणून तिला पुढचा भाग म्हणता येत नाही, पण ओळख लपत नाही. अँडोव्हरचा ड्यूक आता ॲव्हनचा ड्यूक जस्टिन झाला आहे, त्याची उधळी बहीण लव्हिनिया आता फॅनी आहे, आणि पूर्वी पळवून नेलेली तरुणी जेनिफर या नावाने, लग्न होऊन संसारात रमलेली, भेटते. सुरुवातीचे दृश्य मुद्दाम सावकाश वाचा. पॅरिसच्या एका बोळातून हा सरदार रात्री चालला आहे. खांद्यावर गुलाबी अस्तराचा जांभळा झगा, बुटांना उंच लाल टाचा, त्यामुळे पावले जपून टाकत. भावाच्या मारातून पळालेला एक फाटका पोरगा त्याच्यावर येऊन आदळतो, मागोमाग भाऊ येतो, आणि ड्यूक अंगावरचा एक दागिना भावापुढे टाकून पोरगा विकत घेतो. का घेतो, ते लेखिका सांगत नाही. त्या पोराचे लाल केस आणि काळ्या भुवया ड्यूकला कुणाची तरी आठवण करून देतात, एवढेच आपल्याला हळूहळू कळते. ‘द ब्लॅक मॉथ’मध्ये हीच लेखिका प्रत्येक कृतीमागचा उदात्त हेतू लगेच उलगडून दाखवत होती, इथे ती हेतू झाकून ठेवते आणि पुढच्या तीनेकशे पानांचे कुतूहल त्यावर उभे करते. दोन पुस्तकांतला फरक एका वाक्यात सांगायचा तर तो या संयमात आहे.

हे वाचल्यावर जॅककडे परत गेलात की तो निव्वळ कंटाळवाणा वाटणार नाही. लेखिकेने काय टाकले, ते त्याच्यात दिसेल. निर्दोष असून आळ सोसणारा त्यागमूर्ती नायक ती पुढे फारसा वापरत नाही. तुम्हाला आवडलेल्या ‘व्हेनेशिया’तला बदनाम डॅमरेल त्या टाकलेल्या नायकाचा नव्हे, राखून ठेवलेल्या खलनायकाचा वारस आहे.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर ना. सी. फडके यांचे घ्या. ज्यांच्या नावावर मराठी प्रेमकथेचे एक अख्खे युग मांडले जाते, त्यांची पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर!’ (१९१७) मेरी कोरेलीच्या एका इंग्रजी कादंबरीच्या आधाराने लिहिलेली होती. ‘जादूगार’ आणि ‘दौलत’ यायला त्यानंतर दहाबारा वर्षे जावी लागली.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. मैत्रिणीने दिलेली ‘दीज ओल्ड शेड्स’ ती सध्या वाशीहून ठाण्याला कॉलेजला जाता-येता लोकलमध्ये वाचते. मी चाळून पाहिली, तर नायक चाळिशीचा आणि नायिका विशीच्या आतबाहेर. असे पुस्तक तिने वाचावे का? – एक आई, वाशी, नवी मुंबई

उत्तर : वाचू द्या. पुस्तकात शृंगाराचे उघडे वर्णन नाही. हेयरच्या प्रेमकथा बहुतेक वेळा लग्न ठरण्यापाशी संपतात. वयातले अंतर तुम्हाला खटकले ते योग्यच आहे आणि ते मुलीपाशी जरूर बोलून दाखवा, पण माझ्या मते या पुस्तकातली अधिक आक्षेपार्ह गोष्ट दुसरीच आहे, आणि ती सहज नजरेतून सुटते. कथेचा कणा असा की एका सरदाराने वारसाहक्कासाठी आपली मुलगी शेतकऱ्याच्या घरी दिली आणि त्या शेतकऱ्याचा मुलगा आपला म्हणून वाढवला. पुढे काय होते? वाड्यात वाढलेला मुलगा बेढब आणि ओबडधोबड निघतो, त्याला शेतीची ओढ लागते. आणि पोराच्या वेशात गल्लीत मार खात वाढलेली मुलगी (ड्यूकने विकत घेतलेला ‘पोरगा’ तो हाच) थोड्याच दिवसांत दरबारी रीतभात आत्मसात करते. घराणे रक्तातच असते, हा समज लेखिका कुठेही तपासून पाहत नाही. उलट सगळे रहस्य ती त्याच्याच आधाराने सोडवते. जातीची उतरंड रोज पाहणाऱ्या आपल्या वाचकाला हा समज कुठला, हे शिकवावे लागत नाही. मुलीला पुस्तक पुरे करू द्या आणि मग विचारा की त्या शेतकऱ्याच्या मुलाचे अखेरीस काय झाले, आणि त्याच्याबद्दल तिला काय वाटले. तिचे उत्तर काहीही असले तरी तुमच्या दोघींच्या गप्पा चांगल्या रंगतील.

प्रश्न : ऐरोलीत आमची पुस्तक-भिशी आहे. हेयरच्या काही आरंभीच्या कादंबऱ्या तिने स्वतःच दडपल्या, असे एका सभासद ताईंनी सांगितले. त्या मिळवून वाचाव्यात का? आणि तिची जुनी पुस्तके इंटरनेटवर फुकट मिळतात, ती उतरवून सगळ्यांना पाठवली तर चालतील ना?

उत्तर : ताईंनी सांगितले ते खरे आहे. एकंदर सहा कादंबऱ्यांचे पुनर्मुद्रण हेयरने होऊ दिले नाही. त्यांतल्या चार तिच्या स्वतःच्या काळातल्या इंग्लंडवर आहेत : ‘इन्स्टेड ऑफ द थॉर्न’, ‘हेलन’, ‘पॅस्टेल’ आणि ‘बॅरन कॉर्न’, सर्व १९२३ ते १९३० मधल्या. ‘हेलन’मधले वडील-मुलीचे नाते लेखिकेच्या आयुष्याच्या फार जवळचे आहे; १९२५ साली तिचे वडील अचानक गेले, आणि ते दुःख त्या पुस्तकात उतरले आहे. अभ्यासकाला ती महत्त्वाची, पण भिशीतल्या बारा-पंधरा जणींनी त्यासाठी जुन्या बाजारात पैसे घालवावेत, असे मी म्हणणार नाही. उरलेल्या दोन ऐतिहासिक कादंबऱ्यांपैकी ‘सायमन द कोल्डहार्ट’ तिच्या मृत्यूनंतर पुन्हा छापली गेली.

त्यांच्याऐवजी ‘पावडर अँड पॅच’ घ्या. ती लहान आहे, विनोदी आहे, आणि तिचा इतिहासही भिशीत सांगण्यासारखा आहे. १९२३ साली ती स्टेला मार्टिन या टोपणनावाने आणि वेगळ्या शीर्षकाने निघाली, आणि प्रकाशक होते मिल्स अँड बून, ज्यांची पुस्तके आपल्यापैकी अनेकींनी अभ्यासाच्या वहीखाली लपवून वाचली. १९३० साली तीच कादंबरी नव्या नावाने आणि शेवटचे प्रकरण वगळून पुन्हा आली. नायिकेला शहरी, ऐटबाज नवरा हवा असतो, म्हणून खेड्यातला साधा फिलिप पॅरिसला जाऊन पक्का छानछोकी बनून परततो, आणि तेव्हा तिला तो जुनाच हवासा वाटू लागतो. यावर चर्चा घडवून आणावी लागणार नाही, ती आपोआप होईल.

इंटरनेटवरच्या प्रतींविषयी मात्र जपून. ‘द ब्लॅक मॉथ’ अमेरिकेत हक्कमुक्त झाली आहे, त्यामुळे तिकडच्या संकेतस्थळांवर ती उघडपणे मिळते. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतात. हेयर १९७४ साली वारली, म्हणजे भारतात २०३४ अखेरपर्यंत तिच्या पुस्तकांचे हक्क शाबूत आहेत. तेव्हा फाईल सगळ्यांना पाठवण्याऐवजी भिशीच्या पैशांतून दोन छापील प्रती घ्या आणि त्या आळीपाळीने फिरवा.