काउंटरवरची हुज्जत

प्रश्न : लग्नासाठी ६,८०० रुपयांची सिल्कची साडी घेतली. फॉल-बीडिंग होऊन आली तेव्हा पदरावर दोन ठिकाणी धागे निघालेले दिसले. दुकानदार बिलावरच्या 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या ओळीवर बोट ठेवतो. फार तर क्रेडिट नोट, म्हणजे तेवढ्याच रकमेची त्याच दुकानात खरेदी करायची चिठ्ठी, देतो म्हणतो. (सांगली)

उत्तर : साडीचा रंग घरी आल्यावर मनातून उतरला, नणंदेनेही तशीच घेतली, ब्लाउजपीस जुळत नाही, अशा कारणाने साडी बदलून मिळाली तर तो दुकानदाराचा चांगुलपणा. कायदा त्याला भाग पाडत नाही, आणि काउंटरवरच्या निम्म्या भांडणांत ग्राहक इथेच हरतो. तुमच्या साडीत मात्र दोष आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्यासाठी बिलावर जी मुदत दिली असेल ती धरायची, दिली नसेल तर ३० दिवस. 'परत घेणार नाही' ही काही मुदत नव्हे, तेव्हा तुम्ही ३० दिवस धरून चाला. क्रेडिट नोट घेऊन सही केलीत तर वाद मिटला असं दुकानदार पुढे म्हणेल. पैसेच हवे असतील तर ती घेऊ नका.

तुमची बाजू लंगडी पडते ती फॉल-बीडिंगमुळे. 'पिकोवाल्याच्या सुईने धागा ओढला' असं दुकानदार म्हणणार, आणि हे दर वेळी खोटं नसतं. म्हणून दोष नेमका कुठे आहे ते पाहा. फॉल खालच्या काठाला आतून लागतो, बीडिंग साडीच्या दोन टोकांना होतं. धागे तिथेच निघाले असतील तर दुकानदाराच्या म्हणण्यात वजन आहे. पदराच्या मधोमध, सुई जिथे पोचतच नाही तिथे, आडव्या धाग्याची रेघ सलग रिकामी दिसत असेल तर ती विणीतली चूक. साडी दिवसाच्या उजेडात खिडकीपुढे धरा, दोषाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, किमतीचं लेबल असेल तर तेही फोटोत घ्या. तोवर साडी नेसू नका, ड्रायक्लीनलाही टाकू नका.

मग दुकानाच्या नावाने चार ओळींचं पत्र लिहा : बिल क्रमांक, तारीख, रक्कम, दोष काय, पैसे किती दिवसांत हवेत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. पोच देत नसतील तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. तोंडी वादावादी कितीही रंगली तरी पुढे तिचा पुरावा उरत नाही.

बिलाबद्दल एक सांगायचं राहिलं. हल्लीची गुळगुळीत कागदाची बिलं थर्मल छपाईची असतात, काही महिन्यांत कोरी पडतात. घरी आल्याबरोबर फोटो काढून ठेवा. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो.

प्रश्न : मिठाईवाला पेढे खोक्यासकट तोलतो. 'सगळीकडे असंच असतं' म्हणतो. (डोंबिवली)

उत्तर : सगळीकडे असलं तरी चूक ती चूकच. पैसे निव्वळ मालाचे द्यायचे असतात. रिकामा खोका ८० ग्रॅमचा आणि पेढ्यांचा भाव किलोला ७२० रुपये असेल, तर पुठ्ठ्याचे ५७ रुपये ६० पैसे तुम्ही पेढ्यांच्या भावाने मोजलेत.

काट्याकडे असं बघा. आधी रिकामा काटा ०.००० दाखवतो ना? मग त्यावर झाकणासकट रिकामा खोका ठेवायला लावा. आकडा येईल, समजा ०.०८०. आता 'टेअर' लिहिलेलं बटण दाबलं की पुन्हा शून्य. त्यानंतर पेढे. खात्री करायची असेल तर भरायच्या आधी खोका क्षणभर उचलायला सांगा. आकडा उणे ०.०८० दिसला म्हणजे खोक्याचं वजन खरंच वजा झालंय. काही ठिकाणी बटण दाबतात, पण झाकण न ठेवता, आणि पेढे भरल्यावर झाकण लावून तोलतात. त्यात झाकणाचे २५-३० ग्रॅम तुमच्या माथी येतात. सणासुदीच्या गर्दीत हे लक्षात येत नाही, हेच तर त्यांना हवं असतं.

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते, आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. काट्यावरच्या शिक्क्यात वर्षाचे आकडे आणि तिमाहीचं अक्षर असतं, ए ते डी. शिक्का जुना दिसला तर तक्रारीत तेही लिहा. तक्रार जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या, कार्यालयात करायची, तिथला निरीक्षक अचानक तपासणी करू शकतो. वजनाचा आकडा असलेलं बिल आणि न उघडलेला खोका हाताशी असेल तर काम सोपं होतं. पेढे संपल्यावर केलेल्या तक्रारीत फारसा दम राहत नाही.

प्रश्न : कपड्यांच्या दुकानात मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिलच निघत नाही म्हणतात. (नाशिक)

उत्तर : निघतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना नंबरची सक्ती करू नका असं बजावलं आहे. 'नंबर देत नाही, त्याशिवाय बिल करा' एवढंच म्हणा. पोरगा किंवा पोरगी गडबडली तर मॅनेजरला बोलवा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. काउंटरवरच्या पोरांवर चिडून उपयोग नाही, त्यांना वरून तसंच शिकवलेलं असतं. बिल द्यायलाच नकार दिला तर तीही अनुचित व्यापारी प्रथा. २०० रुपयांच्या आतल्या खरेदीला जीएसटी कायद्यात सूट आहे, पण ग्राहकाने मागितलं तर नोंदणीकृत दुकानदाराला तेही बिल द्यावं लागतं.

प्रश्न : ३४,००० रुपयांचा फ्रिज बाराव्या दिवशी थंड करेनासा झाला. दुकानदार म्हणतो, कंपनीशी बोला. कंपनीचे मेकॅनिक तीनदा येऊन गेले. दर वेळी 'तक्रार निवारण झाले' असा मेसेज येतो, फ्रिज मात्र तसाच. (कोल्हापूर)

उत्तर : तो मेसेज येतो कारण तुम्ही ओटीपी देता. मेकॅनिक जाताना 'कोड सांगा' म्हणतो. तो तक्रार बंद करण्याचा कोड असतो. एकदा दिलात की कंपनीच्या नोंदीत फ्रिज दुरुस्त! उद्या ग्राहक आयोगापुढे कंपनी हीच नोंद दाखवेल. थंडावा तपासल्याशिवाय कोड देऊ नका. दुरुस्तीनंतर फ्रिज रिकामा असेल तर काही तास चालू द्यावा लागतो, खालच्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवून साधा थर्मामीटर बुडवा. मधली सेटिंग असताना पाणी ३ ते ५ अंशांवर यायला हवं. 'पार्ट आल्यावर परत येतो' म्हणाला तर कोडही पार्ट आल्यावरच.

दर भेटीची जॉब शीट मागा. तीवर तारीख, दोष, काय बदललं आणि तुमचा शेरा हवा. 'फ्रिज थंड होत नाही' हे स्वतःच्या हाताने लिहा, मगच सही. फ्रिजच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवरच्या सीरियल नंबरचा फोटो घ्या. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे का तेही पाहा, घाईत तेवढंच राहून जातं.

दुकानदाराला मात्र मोकळं सोडू नका. पैसे त्याने घेतलेत, बिल त्याचं आहे, बाराव्या दिवशी तुम्ही ३० दिवसांच्या आतच आहात. दुकान आणि कंपनी दोघांनाही एकाच पत्रात लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५, सकाळी ८ ते रात्री ८. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. ही हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. तिथे गाडी अडली तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय दिल्लीला असलं तरी. मुदत दोन वर्षं. अर्ज ई-जागृती पोर्टलवरूनही भरता येतो. दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर पहिल्याच तारखेला दुकान कंपनीकडे बोट दाखवून मोकळं होतं. तीन महिन्यांत निकाल ही कायद्यातली अपेक्षा, प्रत्यक्षात तारखा लांबतात हे धरून चला.

प्रश्न : २,००० रुपये छापलेल्या पँटवर ४० टक्के सूट होती. काउंटरवर १,२०० ऐवजी १,२६० घेतले, वर पिशवीचे ७. (ठाणे)

उत्तर : छापील किंमत सर्व करांसह असते, त्यामुळे सूट वजा केल्यावर उरलेल्या १,२०० मध्येही कर आलाच. वरचे ६० रुपये हा सूट गुपचूप कमी करण्याचा प्रकार. सूट दिलेल्या किमतीवर वेगळा कर लावण्याला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा ठरवलं, तेव्हा कर व्हॅट होता एवढाच फरक. बिलाशेजारी सुटीच्या पाटीचा फोटोही लागेल. त्यावर बारीक अक्षरात 'कर वेगळा' छापलेलं असेल तर तेही फोटोत येऊ द्या, लपवू नका.

पिशवीचं असं की, दाम आधी न सांगता थेट काउंटरवर पिशवी माथी मारणं चूक, हे राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्याआधी २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचाने ३ रुपयांच्या कागदी पिशवीपायी एका दुकानाला ९,००० रुपये भरायला लावले होते. तुमचं बिल पाहा. पिशवीची वेगळी ओळ त्यावर असेल तर ६० आणि ७ अशा दोन्ही रकमा एकाच तक्रारीत मागा.

प्रश्न : पाण्याच्या बाटलीवर २० छापलंय, दुकानदार 'थंड करायचे' म्हणून २५ घेतो. (रत्नागिरी)

उत्तर : दुकानात चालत नाही. हॉटेल-रेस्टॉरंटचं वेगळं, तिथे बसून घेतलेल्या बाटलीला जादा आकारणी चालते असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं. टपरी, किराणा, स्टॉलला ती सवलत नाही. यूपीआयने २५ भरलेत तर तो मेसेजच तुमचा पुरावा, बाटलीच्या लेबलचा फोटो जोडून वैधमापनशास्त्र कार्यालयाला पाठवा.