अमेरिकन आर्मी, बंद डोळे आणि नाकाजवळची फट

प्रश्न: एक अमेरिकन जनरल भिंतीतून आरपार जायचा असं मित्र सांगतो. खरं आहे का? (एक वाचक, हडपसर)

जायचा नाही, जायचा प्रयत्न करायचा. मेजर जनरल अल्बर्ट स्टबलबाइन, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख. ऑफिसच्या भिंतीवर आपण आपटायचो हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय, एकदाही पलीकडे पोचले नाहीत.

प्रश्न: माझी भाची दहा वर्षांची. सिंहगड रोडला एका क्लासमध्ये 'मिडब्रेन'चा (मेंदूचा मधला भाग 'जागा' करण्याचा) कोर्स केला, २५ हजार भरले. आता डोळ्याला पट्टी बांधून रंग ओळखते, नोटेवरचा नंबर वाचते. सासूबाई तर तिला देवीच मानायला लागल्यात. मला पटत नाही, पण क्लासवाले म्हणतात अमेरिकन आर्मीने हे २० वर्षं वापरलंय, सरकारी कागद आहेत. खरंच आहेत का हो? (एक मामी, कोथरूड)

मामी, कागद खरे आहेत, तिथे क्लासवाले खोटं बोलत नाहीयेत, सीआयएने २०१७ मध्ये ते ऑनलाइन टाकले, कोणीही वाचू शकतं. पण त्या कागदांचा शेवट ते सांगत नाहीत आणि राग येतो तो त्याचाच.

झालं असं की शीतयुद्धाच्या काळात रशियावाले मनाच्या शक्तीवर काम करतायत अशी भीती होती, मग आपण मागे नको म्हणून १९७२ मध्ये सीआयएने कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला पैसे दिले. रसेल टार्ग आणि हॅरोल्ड पुथॉफ हे दोन फिजिसिस्ट. माणसाला खोलीत बसवायचं, लांबच्या जागेचे फक्त अक्षांश-रेखांश द्यायचे, आणि 'दिसेल' ते काढायला सांगायचं, याला नाव रिमोट व्ह्यूइंग. पुढे लष्कराने मेरीलँडमधल्या फोर्ट मीडला स्वतःचं युनिट काढलं, नावं बदलत गेली, ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक, शेवटी स्टारगेट. एकूण खर्च साधारण २ कोटी डॉलर.

यातली सगळ्यात गाजलेली केस पॅट प्राइसची. १९७४ मध्ये त्याला सोव्हिएत रशियाच्या सेमिपालातिन्स्कमधल्या एका गुप्त ठिकाणाचे आकडे दिले आणि त्याने रुळांवर चालणारी एक अवाढव्य क्रेन काढली. उपग्रहाच्या फोटोत तशी क्रेन खरंच होती! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. पण त्याने त्या जागेबद्दल आणखी बरंच काही सांगितलं होतं, त्यातलं बहुतेक चुकलेलं, ते कोणी फ्रेम करून लावत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, तसं. आणि टार्ग-पुथॉफच्या प्रयोगांत तर डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या दोन मानसशास्त्रज्ञांना असं सापडलं की टेपवरच्या बोलण्याचे जे लेखी उतारे परीक्षकांना जागांशी जुळवायला दिले जायचे, त्यांमध्ये आदल्या दिवशीच्या जागांचे उल्लेख तसेच राहिलेत, म्हणजे कुठला उतारा कितव्या दिवसाचा हे त्यावरूनच जुळवता येत होतं.

१९९५ मध्ये सीआयएने बाहेरच्या लोकांकडून सगळं तपासून घेतलं. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स म्हणाल्या की आकड्यांत काहीतरी आहे, मानसशास्त्रज्ञ रे हायमन म्हणाले पुरावा पुरत नाही, यावर दोघांचं जमलं नाही. पण अहवालात हे स्वच्छ लिहिलंय की गुप्तहेरीच्या एकाही मोहिमेला यातून दिशा मिळाली नाही. प्रोजेक्ट बंद झाला.

आणि असली परीक्षा आपल्या पुण्यातही झालीय. जयंत नारळीकर सर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि मंडळींनी २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या, १०० हुशार आणि १०० मतिमंद, आणि ज्योतिषांना प्रत्येकी ४० देऊन विचारलं कुठली कोणाची. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर, नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती. काय बरोबर धरायचं हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून नंतर सारवासारव करायला जागाच राहिली नाही.

आता भाचीचं. पुढच्या वेळी ती वाचताना समोर नको, बाजूला बसून बघा. मुलं मान किंचित मागे टाकतात आणि कार्ड छातीशी, खाली धरतात. नाक आणि गाल यांच्यामधल्या खाचेत पट्टी कधीच घट्ट बसत नाही, तिथून खाली बघितलं की बोटभर उजेडात अख्खी नोट दिसते. घरी स्वतः बांधून बघा, दोन मिनिटांत कळेल. मग पोहायच्या गॉगलला आतून काळा कागद चिकटवा, तो घालायला लावा आणि कार्ड तिच्या कपाळाच्या वर धरा.

फक्त हे सासूबाई आणि पाहुण्यांसमोर करू नका हो. ती पोर फसवायला निघालेली नाही, तिला फटीतून दिसतं आणि मोठी माणसं म्हणतात ही शक्ती आहे, मग तिने तरी कोणाला काय सांगायचं? आधी दोघींनीच बसा, तुम्ही पट्टी बांधा, तुम्हीच नोट वाचून दाखवा, आणि मग तिला बोलू द्या.