मॅनेजरवरचा खेळाडूंचा विश्वास उडालाय, हे मैदानावर कुठे दिसतं?

तुमचा प्रश्न असा आहे: फुटबॉल संघ चार सामने हरला की लगेच बोललं जातं, मॅनेजरने (म्हणजे मुख्य प्रशिक्षकाने) ड्रेसिंग रूम गमावली, खेळाडू आता त्याच्या बाजूने नाहीत. पण नुसता फॉर्म गेलाय की खेळाडूंचा खरोखर विश्वास उडालाय, हे बाहेरून बघणाऱ्याने कसं ओळखायचं?

ओळखता येतं. त्यासाठी गुणतक्ता किंवा खेळाडूंचे चेहरे बघून भागत नाही, ज्याच्या पायाशी चेंडू नाही त्याच्याकडे बघावं लागतं.

आधी एक गैरसमज दूर करतो. "खेळाडू मुद्दाम हरतायत" हे जवळजवळ कधीच खरं नसतं. करार, बोनस, राष्ट्रीय संघातली जागा, दुसऱ्या क्लबकडून येणारी मागणी, खेळाडूचं सगळं त्याच्या खेळावरच चालतं. हरून त्याच्या हाती काही लागत नाही. विश्वास उडतो तो मॅनेजरने दिलेल्या सूचनेवर. "हा सांगतोय तसं मी केलं तर संघाचा फायदा होईल, आणि माझ्या शेजारचाही त्याचं काम करेल" ही खात्री जाते. ती गेली की प्रत्येक जण स्वतःपुरता धोका कमी करायला लागतो. धाव थांबत नाही, फक्त अर्धा सेकंद उशिरा सुरू होते. वरच्या पातळीच्या फुटबॉलमध्ये अर्धा सेकंद पुष्कळ झाला.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं प्रेसिंगमध्ये, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना पुढे जाऊन त्याच्यावर दबाव आणण्यात. समजा योजना अशी आहे: प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या सेंटर बॅककडे (मधल्या बचावपटूकडे) चेंडू गेला की आपला स्ट्रायकर तिरकी धाव घेऊन त्याचा मधला पास बंद करणार. आपला डावा विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) त्यांच्या राइट बॅकवर (उजव्या कडेच्या बचावपटूवर) झेपावणार. विंगरच्या मागे मोकळी पडलेली जागा आपला लेफ्ट बॅक वर सरकून भरणार, आणि बाकीची बचावफळी त्याच्याबरोबर सात-आठ मीटर पुढे येणार. चार दुव्यांची साखळी आहे ही, आणि चारही दुवे एकाच वेळी हलले तरच तिचा उपयोग. यात सर्वांत मोठा धोका कोण पत्करतो? मागचे. स्ट्रायकर चुकला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. लेफ्ट बॅक वर सरकला आणि चेंडू त्याच्या पाठीमागे पडला, तर रात्रभर टीव्हीवर त्याचीच चूक दाखवतात.

म्हणून विश्वास उडाला की साखळी मागून तुटते. स्ट्रायकर पळतो, कारण त्याची धाव सगळ्यांना दिसते. विंगर तीन पावलं जातो, मागे वळून बघतो आणि थांबतो. लेफ्ट बॅक जागचा हलत नाही. सेंटर बॅक तर उलट मागे सरकतात. पुढची फळी आणि मागची फळी यांच्यात मोठी पोकळी पडते आणि मधले दोघे-तिघे त्या पोकळीत नुसते इकडून तिकडे धावत राहतात. प्रेक्षक म्हणतात, मिडफिल्डर आळशी झालेत. खरं तर त्या दिवशी सर्वांत जास्त तेच पळालेले असतात. दोष शोधायचा असेल तर त्यांच्या मागे दहा मीटरवर बघा. स्ट्रायकर एकट्याने प्रेस करून आला आणि दोन्ही हात पसरून मागच्यांकडे बघायला लागला, हे एका सामन्यात एकदा-दोनदा झालं तर सोडून द्या. सलग तीन सामन्यांत, पहिल्या वीस मिनिटांतच दिसायला लागलं, तर ते लक्षण आहे. पहिली वीस मिनिटं मी मुद्दाम म्हणतोय, कारण ऐंशीव्या मिनिटाला थकवाही हुबेहूब असाच दिसतो.

दुसरी जागा म्हणजे गोल खाल्ल्यानंतरची साठ सेकंदं. सूचनेवर विश्वास असलेल्या संघात दोघं-तिघं एकत्र येतात, बोट दाखवून वाद घालतात: तू इथे हवा होतास, तो माझा माणूस नव्हता. हा वाद चांगला असतो. नियम सगळ्यांना मान्य आहे, तो मोडला म्हणून भांडण आहे. विश्वास उडालेल्या संघात शांतता असते. भांडायला आधी एक सामायिक नियम लागतो, आणि तोच उरलेला नसतो.

याच वेळी बेंचच्या बाजूला खेळणाऱ्या फुलबॅककडे, म्हणजे कडेच्या बचावपटूकडे, नजर ठेवा. एका हाफमध्ये तो लेफ्ट बॅक असतो, दुसऱ्यात राइट बॅक. मॅनेजरचा निरोप आत पोचवणारा माणूस बहुतेक वेळा हाच, कारण गोंगाटात पलीकडच्या खेळाडूपर्यंत आवाज पोचत नाही. मॅनेजर ओरडून काहीतरी सांगतो, फुलबॅक मान डोलावतो, आणि पुढे सेंटर बॅकला काहीच सांगत नाही. निरोप तिथेच मरतो. माझ्या मते हे सर्वांत विश्वासार्ह आणि सर्वांत दुर्लक्षित लक्षण आहे. त्याच्या जोडीला सगळे कर्णधाराकडे किंवा एखाद्या अनुभवी मिडफिल्डरकडे बघायला लागले, तर संघ आता खेळाडूच चालवतायत असं समजा.

अडचण एवढीच की टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे जातो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर किंवा मडगावच्या फातोर्ड्यात बसून सामना बघणाऱ्याला पूर्ण मांडणी एका नजरेत दिसते, तशी घरी दिसत नाही. घरी बघताना गोलकिक आणि थ्रो-इन वाया घालवू नका. त्या वेळी कॅमेरा लांबून दाखवतो आणि दोन फळ्यांमधलं अंतर मोजता येतं.

आता एक खरं प्रकरण घेऊ, कारण त्यात सगळे टप्पे क्रमाने दिसतात. लंडनचा क्लब चेल्सी, 2015-16. मॅनेजर जोसे मोरिन्योच्या या संघाने आदल्याच हंगामात प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग, जिंकली होती.

8 ऑगस्ट 2015, पहिलाच सामना, स्वान्सीविरुद्ध 2-2. चेल्सीचा गोलरक्षक कोर्त्वाला लाल कार्ड मिळालेलं. शेवटच्या मिनिटांत चेल्सीचा आक्रमक खेळाडू एडन हॅझार्ड पडला, रेफरीने बोलावलं म्हणून क्लबच्या डॉक्टर एव्हा कार्नेरो आणि फिजिओ जॉन फर्न आत गेले. उपचार घेतलेल्या खेळाडूला नियमानुसार बाहेर जावं लागतं, त्यामुळे चेल्सी काही क्षण नऊ जणांवर आली. मोरिन्योने त्या दोघांवर जाहीर टीका केली आणि डॉक्टरांना मुख्य संघाच्या सामन्यांपासून दूर केलं. पुढे डॉक्टरांनी क्लब सोडला आणि 2016 मध्ये क्लबने त्यांची बिनशर्त माफी मागितली. बाहेरच्यांना हा किरकोळ वाद वाटला. पण खेळाडू रोज सकाळी सर्वांत आधी ज्याच्या हातात आपलं शरीर देतो तो माणूस म्हणजे डॉक्टर किंवा फिजिओ. आपलं काम नियमाने करणाऱ्यालाही मॅनेजर उघड्यावर पाडतो, हे सगळ्या खोलीने पाहिलं.

आठ दिवसांनी मँचेस्टर सिटीकडून 0-3 हार, आणि कर्णधार जॉन टेरीला मध्यंतरालाच बाहेर काढलं. 3 ऑक्टोबरला घरच्या मैदानावर साउदॅम्प्टनकडून 1-3. त्यात मिडफिल्डर नेमान्या मातिचला मध्यंतरानंतर उतरवलं आणि अर्ध्या तासाच्या आत परत बाहेर बोलावलं. उतरवलेल्या खेळाडूला दुखापत नसताना परत काढणं ही खेळाडूंच्या जगात मोठी मानहानी समजली जाते. एकाची मानहानी झाली की बेंचवरचे बाकी सगळे मनात हिशोब करतात: उद्या माझी पाळी. त्याच संध्याकाळी मोरिन्यो कॅमेऱ्यासमोर जवळपास सात मिनिटं एकटाच बोलत राहिला. 29 नोव्हेंबरला टॉटनमविरुद्ध राखीव बसलेल्या स्ट्रायकर दिएगो कोस्टाने बेंचकडे परतताना आपला बिब (राखीव खेळाडू अंगावर घालतात तो बनियन) मागे भिरकावला, मोरिन्योच्याच दिशेने.

मग 14 डिसेंबर, लेस्टरकडून 1-2. सामन्यानंतर मोरिन्यो म्हणाला की माझ्या कामाशी दगाफटका झाला. लेस्टर ज्या चार प्रकारच्या चालींतून गोल करतं त्या आपण आधीच ओळखल्या होत्या, सराव घेतला होता, आणि त्यातल्याच दोन चालींवर दोन गोल गेले, असं त्याचं म्हणणं होतं. हे विधान नीट वाचा. सूचना दिली होती, बरोबर होती, पण अमलात आली नाही. विश्वास उडण्याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही, आणि ती मॅनेजरच्या स्वतःच्या तोंडून आली. तीन दिवसांनी, 17 डिसेंबरला त्याला काढलं. 16 सामन्यांत 9 पराभव, क्रमांक सोळावा, पदावनतीपासून (खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून) एका गुणाचं अंतर. क्लबचे तांत्रिक संचालक मायकेल एमेनालो यांनी क्लबच्याच वाहिनीवर सांगितलं की मॅनेजर आणि खेळाडू यांच्यात उघड बेबनाव जाणवत होता. 19 तारखेला त्याच खेळाडूंनी संडरलंडला 3-1 हरवलं आणि त्यानंतर एप्रिलपर्यंत लीगमध्ये एकही सामना गमावला नाही.

पण इथेच थोडं थांबायला हवं. त्या हंगामात हॅझार्डचा लीगमधला पहिला गोल आला 23 एप्रिल 2016 ला, म्हणजे मोरिन्यो जाऊन चार महिने झाल्यावर. म्हणजे त्याच्या घसरलेल्या खेळाचं सगळं खापर मॅनेजरवरच्या अविश्वासावर फोडता येत नाही. दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मॅनेजरच्या भाषेकडेही लक्ष द्या. "आम्ही" जाऊन "ते" येतं. 18 मार्च 2023 ला टॉटनमने साउदॅम्प्टनविरुद्ध 3-1 अशी आघाडी घालवून 3-3 बरोबरी केली, तेव्हा टॉटनमचा मॅनेजर अंतोनियो कोंते पत्रकार परिषदेत आपल्याच खेळाडूंना स्वार्थी म्हणाला. आठ दिवसांत तो क्लबमधून बाहेर पडला होता. जाहीर कानउघाडणी एकदा केली तर खेळाडू पेटून उठतातही. पण त्यात मॅनेजरने स्वतःला वगळलं की परतीचा रस्ता फार अरुंद होतो.

बातम्या फुटणं हे उशिराचं लक्षण. संघाची यादी सामन्याच्या आदल्या रात्री बाहेर येणं फारसं गंभीर नसतं, एजंटांमुळे ते नेहमीच होतं. मध्यंतराला खोलीत कोण कुणाला काय बोललं हे शब्दशः छापून आलं, तर आतल्याच कुणीतरी बाजू निवडलेली असते. फ्रान्सच्या संघाचं 2010 च्या विश्वचषकात तेच झालं. मेक्सिकोविरुद्धच्या मध्यंतरात स्ट्रायकर आनेल्का मॅनेजर दोमेनेकला जे बोलला ते दोन दिवसांनी वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर आलं, आनेल्काला घरी पाठवलं, आणि 20 जूनला दक्षिण आफ्रिकेतल्या नाइज्ना इथे खेळाडूंनी सराव करायला नकार दिला. खेळाडूंचं निवेदन खुद्द दोमेनेकनेच पत्रकारांसमोर वाचून दाखवलं. तिथे ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता फसवी लक्षणं. एका मोठ्या खेळाडूशी भांडण म्हणजे ड्रेसिंग रूम गमावणं नव्हे. डिसेंबर 2021 मध्ये आर्सेनलचा मॅनेजर मिकेल आर्टेटाने स्ट्रायकर ओबामेयांगचं कर्णधारपद काढलं, आणि त्यानंतरचे तीन लीग सामने आर्सेनलने 2-0, 4-1 आणि 5-0 जिंकले. ताऱ्याकडे बघू नका. अकरात कधी असणारे, कधी नसणारे आठ-दहा जण असतात, त्यांच्याकडे बघा. खोलीचा कल तेच ठरवतात. ते मैदानात उतरल्यावर पहिल्या मिनिटाला कसे धावतात, यावरून बरंच कळतं.

सलग पराभव हेही लक्षण नव्हे. त्याच आर्टेटाच्या संघाचे डिसेंबर 2020 मध्ये 14 सामन्यांत 14 गुण होते, क्रमांक पंधरावा. गोल होत नव्हते, पण मांडणी टिकून होती, शेजाऱ्यासाठीची धाव टिकून होती. 26 डिसेंबरला काही तरुण खेळाडू आत आणून त्यांनी चेल्सीला 3-1 हरवलं आणि हंगाम सावरला.

नवा मॅनेजर आला आणि संघ जिंकला, म्हणजे जुन्यावर विश्वास नव्हता, हा निष्कर्षही घाईचा. मॅनेजरला काढतात तेच मुळी संघ आपल्या सरासरीच्या फार खाली असताना. तिथून थोडं वर येणं कुणाच्याही हाताखाली होणारच असतं. लेस्टरने मॅनेजर क्लॉडिओ रानिएरीला 23 फेब्रुवारी 2017 ला काढलं, तोवर त्या वर्षात लीगमध्ये एकही गोल केला नव्हता. मग सहायक क्रेग शेक्सपियरच्या हाताखाली सलग पाच लीग सामने जिंकले. लोकांनी खेळाडूंना गद्दार ठरवलं. पण त्या हंगामाआधीच मिडफिल्डर एनगोलो कांते चेल्सीला गेला होता, आणि मधल्या फळीत त्याने झाकलेली जागा कुणालाच झाकता येत नव्हती. शिवाय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेक्सपियरलाही काढावं लागलं.

आकडे वापरायचे असतील तर एकूण किती किलोमीटर पळाले हा आकडा सोडून द्या, चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असला की तो आपोआप वाढतो. वेगवान धावा आणि पीपीडीए बघा. पीपीडीए म्हणजे आपण एक टॅकल, फाउल किंवा चेंडू अडवण्याची कृती करेपर्यंत प्रतिस्पर्ध्याला त्यांच्या बाजूला किती पास करू दिले. जोरदार प्रेस करणाऱ्या संघाचा हा आकडा आठ ते दहाच्या आसपास असतो. तो पाच-सहा सामन्यांत तेरा-चौदावर गेला आणि मॅनेजर मात्र अजूनही वरच प्रेस करायचंय असं सांगतोय, तर ती तफावत महत्त्वाची. मॅनेजरने स्वतःच खाली बसून बचाव करायचं ठरवलं असेल, तर त्याच आकड्याला काही अर्थ नाही. मुख्य सेंटर बॅक जखमी असेल तरी नाही, कारण मागे वेगवान माणूस नसला की कुणीही फळी वर आणत नाही. आठवड्यात तीन सामने असतील तर दोन आठवडे थांबून मगच मोजा.

पुढच्या सामन्यात एवढंच करा: पहिल्या वीस मिनिटांत प्रतिस्पर्ध्याने मागून खेळ सुरू केला की चेंडू सोडा आणि चेंडूच्या बाजूच्या आपल्या फुलबॅककडे बघा. विंगर झेपावल्यावर तो किती वेळा वर सरकला, किती वेळा थांबला, ते कागदावर रेघा मारून मोजा. असे तीन सामने मोजले की तुमच्या संघाचं उत्तर तुमच्याच हातात असेल.