चित्रफीत एक, मते दोन

प्रश्न : अमेरिकेतील पोलीस गोळीबाराची एक चित्रफीत आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली आणि दोन तट पडले. सगळे डोळ्यांना दिसत असताना मतभेद का व्हावेत? असे चित्रण आपल्या न्यायालयात टिकते का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : आपली चित्रफीत कोणत्या घटनेची, हे पत्रात नाही, म्हणून निकाल लागलेले प्रकरण घेतो. ४ एप्रिल २०१५ रोजी साउथ कॅरोलिनातील नॉर्थ चार्ल्सटन येथे मायकेल स्लेगर या पोलिसाने वॉल्टर स्कॉट यांच्यावर गोळ्या झाडल्या. स्कॉट यांनी माझे टेसर (विजेचा धक्का देणारे उपकरण) हिसकावल्याने जिवाची भीती वाटली, असे त्याचे म्हणणे होते. परंतु एका वाटसरूच्या मोबाइलमधील चित्रणात स्कॉट पाठ फिरवून पळताना आणि मागून आठ गोळ्या सुटताना दिसल्या. तरीही डिसेंबर २०१६ मध्ये ज्युरीचे एकमत झाले नाही; बचाव पक्षाने मोठा भर चित्रण सुरू होण्यापूर्वीच्या झटापटीवर दिला होता. पुढे केंद्रीय खटल्यात स्लेगरने गुन्हा कबूल केला आणि त्याला २० वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे वाद बहुधा दिसते त्यावर नसतो, न दिसलेल्या आधीच्या क्षणांवर असतो. धुळ्यात जानेवारी २०१३ च्या दंगलीत पोलीस गोळीबारात सहा जण मरण पावले, आणि मोबाइलवरील चित्रफितींत मोडतोड करताना दिसलेल्या काही पोलिसांना अटक झाली. पण मोडतोड दिसली म्हणून गोळीबार आवश्यक होता की नव्हता, याचा निवाडा त्याच चित्रफितीने होत नाही. वेग कमी करून दाखवलेल्या चित्रफितींपासून तर विशेष सावध राहावे, कारण संथ चित्रात तीच कृती अधिक हेतुपुरस्सर वाटते, असे प्रयोगांत आढळले आहे.

न्यायालयाचे म्हणाल, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलमधून गणिताने काढलेली, फाइल जराही बदलली तर बदलणारी ओळखखूण) नोंदवावी लागते. जुन्या कायद्यातही प्रमाणपत्र अनिवार्यच होते. मूळ उपकरणच हजर केल्यास त्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात स्पष्ट केले होते. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल आकाराने लहान केली जाते, त्यामुळे तिची हॅश किंमत मूळ फाइलशी जुळत नाही. म्हणून अशी घटना आपल्यापैकी कोणी टिपलीच, तर ती कापू नये, तिच्यावर मथळा चढवू नये, आणि मोबाइल बदलण्याची वेळ आली तरी तो जुना मोबाइल विकू नये.