लोकल शहराच्या हाती दिली तर?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी कळव्याला राहतो, नोकरी लोअर परळला. सकाळी कळव्याला गाडीत पाय ठेवायला मिळाला तर नशीब. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं खाली पडली, तेव्हापासून आई रोज ऑफिसात पोहोचल्याचा फोन करायला लावते. लंडनमध्ये काही लोकल गाड्या महापौरांच्या यंत्रणेकडे दिल्या आणि त्या सुधारल्या, असं वाचलं. आपल्याकडे बेस्ट महापालिकेची आहे, मग लोकल का नाही? मुंबई महापालिकेने लोकल चालवावी असं तुम्हाला वाटतं का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : पोहोचल्याचा फोन माझ्या घरीही मागायचे. ठाण्यापलीकडच्या एका स्टेशनातून १९९१ ते २०२२ अशी एकतीस वर्षं मी फोर्टला जात होते. त्यातली निम्मी वर्षं तरी तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर, नाहीतर उभ्याने गेली. म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. लोकलचा कारभार इथल्या माणसांना जाब देणाऱ्या हातात असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. मात्र तो हात एकट्या मुंबई महापालिकेचा नको.

तुम्ही लोअर परळला उतरता, तर तिथलंच उदाहरण घेऊ. गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगार आसपासच्या चाळींतून पायी कामावर यायचा. गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला, २००१ मध्ये तो बदलला, आणि गिरणगावात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींत कामाला येणारी माणसं विरार, बदलापूर, पनवेलहून येणार, हे कुणालाही कळण्यासारखं होतं. पण इमारतीला परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर ‘ही माणसं कुठल्या फलाटावर उतरतील, कुठल्या जिन्याने बाहेर पडतील’ हा कागदच नव्हता. फलाट आणि जिना ज्यांचा, त्यांना परवानगीच्या वेळी कुणी विचारत नव्हतं. २९ सप्टेंबर २०१७ ला गिरणगावातल्याच एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला लष्कराने पूल बांधून दिले. जवानांचे आभार मानावे तेवढे थोडेच. पण तीन पादचारी पुलांसाठी लष्कर बोलवावं लागलं, हे मला आजही बोचतं. घरं आणि ऑफिसं कुठे व्हावीत हे ठरवणारा आणि गाडी चालवणारा एकमेकांना बांधलेले नाहीत. रोग मला इथे दिसतो.

आता कायद्याचं बघू. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे केंद्राच्या यादीत आहे. महापालिकांना कोणती कामं द्यायची ते बाराव्या अनुसूचीत सांगितलंय. त्यात रस्ते आहेत, पूल आहेत, बसथांबेसुद्धा आहेत, पण रेल्वे नाही. म्हणजे नुसता सभागृहात ठराव करून लोकल शहराकडे येणार नाही, दिल्लीची संमती लागेलच. मात्र शहराने रुळावरची गाडी कधी चालवलीच नाही, असंही नाही. १९४७ मध्ये बेस्ट महापालिकेकडे आली ती ट्रामसकट, आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत ती ट्राम महापालिकेनेच चालवली. माझी आई दादरला ट्राममध्ये चढायची. घंटेचा आवाज कसा होता, ते ती शेवटपर्यंत तोंडाने काढून दाखवायची.

राज्याचा पैसा लोकलमध्ये नाही, असंही समजू नका. १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ झालं, त्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्राचा ४९. हे महामंडळ रूळ टाकतं, गाड्या आणतं, स्टेशनं सुधारतं. पण सकाळी ८:१४ ची गाडी कळव्याला थांबेल की नाही, हे ते ठरवत नाही. ते मध्य आणि पश्चिम रेल्वे ठरवतात, आणि त्यांच्या वर रेल्वे बोर्ड आहे. नवी मुंबईत मानखुर्दपासून पुढच्या मार्गांसाठी हे शहर वसवणाऱ्या सिडकोने ६७ टक्के खर्च उचलला आणि रेल्वेने ३३. वाशी किंवा बेलापूरला उतरून बघा. फलाट रुंद, बाहेर बसला जागा, येण्याजाण्याला मोकळीक. शहर वसवणाऱ्याने पैसा घातला, म्हणून नकाशात त्याचं म्हणणं उतरलं.

निर्णय लांबच्या हातात असला की काय होतं, ते मी २०२० मध्ये अनुभवलं. करोनामुळे लोकल सगळ्यांसाठी खुली नव्हती. राज्य सरकारने महिलांना १७ ऑक्टोबरपासून लोकलमध्ये घ्यावं, अशी विनंती रेल्वेला केली. त्या दिवशी घटस्थापना होती. पहाटे घट बसवून मी डबा भरला. गाडीत जागा मिळाली ती २१ तारखेला. मधले दिवस पुन्हा बसच्या रांगेत गेले. दोष कुणा एकाचा नव्हता. दोन्हीकडचे अधिकारी आपापल्या नियमाने वागले. पण एका शहराच्या एका साध्या गोष्टीला दोन सरकारांमध्ये चार दिवस लागतात, आणि तेवढे दिवस बाई रस्त्यावर उभी असते.

लंडनचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये उत्तर लंडनच्या काही रखडलेल्या मार्गांचा कारभार महापौरांच्या हाताखालच्या ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’कडे आला आणि त्यांना ‘ओव्हरग्राउंड’ नाव मिळालं. माझी भाची विल्सडनला राहते, तिच्याकडे मी महिनाभर होते तेव्हा त्याच गाडीने फिरले. मला आवडलं ते स्टेशनातलं माणूस. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत कुणीतरी कर्मचारी तिथे असतो. बस, भुयारी रेल्वे आणि ही गाडी, सगळीकडे एकच कार्ड. पण बारकाईने पाहा. रूळ बहुतेक ठिकाणी राष्ट्रीय यंत्रणेकडेच राहिले, गाड्या कंत्राटावर दुसरी कंपनी चालवते. महापौरांच्या यंत्रणेने हातात घेतलं ते वेळापत्रक, भाडं, स्टेशन आणि कंत्राटातल्या अटी. तेवढ्याने फरक पडला.

आपल्याकडेही मी एवढंच मागेन. रूळ, सिग्नल, मोटरमन आणि सुरक्षितता रेल्वेकडेच राहू दे. आपल्या रुळांवर मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही धावतात. त्यांच्यासाठी ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, पण लोकलशी त्यांची सरमिसळ पूर्ण सुटलेली नाही. एकाच रुळावर दोन मालक मला नकोत. मात्र कुठली गाडी कुठे थांबेल, एसी किती आणि साधी किती, पासाचं भाडं बेस्ट आणि मेट्रोशी कसं जोडायचं, स्टेशनाबाहेर रिक्षा कुठे आणि बस कुठे, हे इथे ठरावं आणि इथेच विचारता यावं. ‘मुंबई वन’ ॲपमुळे वेगवेगळी तिकिटं एका फोनवर आली, ते चांगलंच झालं. पण वेळापत्रकं अजून एकमेकांना ओळखत नाहीत.

भीती एकाच गोष्टीची वाटते, पैशाची. बेस्टकडे एकेकाळी चार हजारांहून जास्त बस होत्या, आज तिची काय अवस्था आहे ती थांब्यावर उभं राहणाऱ्याला ठाऊक आहे. लोकलचा पास स्वस्त आहे, तो तोटा रेल्वे सोसते म्हणून. कारभार इथे आणि तोट्याची हमी कुणाचीच नाही, असं झालं तर सगळ्यात आधी पास महाग होईल, आणि तो परवडणार नाही तो आपल्याच डब्यातल्या माणसाला. म्हणून केंद्राने पैसा देत राहायचा हे आधी लेखी ठरावं, मग कारभार हलवावा.

प्रश्न : मुंबईच्या महापौरांनी लोकल चालवावी म्हणतात, आम्ही नालासोपाऱ्याचे. आमचं मत त्यांना पडतच नाही. मग आमची गाडी कोण बघणार?
– एक वाचक, नालासोपारा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, एकट्या मुंबई महापालिकेला माझा विरोध याच कारणासाठी आहे. लोकल मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, पनवेल, मीरा-भाईंदर, वसई-विरार एवढ्या महापालिकांतून जाते, आणि डहाणू, कसारा, कर्जत धरलं तर त्याही पलीकडे. २०१६ मध्ये लंडनच्या आग्नेयेकडचे मार्ग महापौरांकडे द्यायचा विचार तिथल्या केंद्रीय मंत्र्यांनी फेटाळला. त्या वादातही एक मुद्दा तुमचाच होता, की केंट परगण्यातून रोज येणाऱ्या माणसाने लंडनचा महापौर निवडलेला नसतो.

त्यामुळे मंडळ महानगराचं हवं. या सगळ्या शहरांचे निवडून आलेले प्रतिनिधी, राज्य आणि रेल्वे एका टेबलावर, आणि कुठलाही थांबा रद्द करायचा तर त्या शहराच्या प्रतिनिधीला आधी विचारायचं. ‘निवडून आलेले’ यावर माझा जोर आहे, कारण मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कितीतरी काळ तिथे प्रशासक होता. प्रशासकाला नालासोपारकरच काय, मुंबईतला दादरकरही मत देऊन घालवू शकत नाही.

प्रश्न : हे होईल तेव्हा होईल. आमच्या पुलाची शेवटची पायरी तुटली आहे, तिचं आज काय करू?
– एक वाचक, मुंब्रा

उत्तर : माझ्या स्टेशनावर अगदी हेच झालं होतं. पुलाची शेवटची पायरी आणि रस्ता यांच्यात हातभर खड्डा, पावसात त्यात पाणी. रेल्वेच्या कार्यालयाने सांगितलं, हद्द महापालिकेची. महापालिकेच्या कार्यालयाने सांगितलं, हद्द रेल्वेची. दोन वेगळ्या अर्जांना दोन वेगळी उत्तरं आली आणि खड्डा तिथेच. मग आम्ही डब्यातल्या सहा जणींनी एकच अर्ज लिहिला, दोन्ही कार्यालयांच्या नावे, आणि त्याला दोघांची आधीची उत्तरं जोडली. सोबत फोटो, त्यावर तारीख, आणि पायरीपासून रस्त्यापर्यंत टेपने मोजलेलं अंतर. दोघांनी मिळून जागेची पाहणी करावी, एवढीच मागणी. रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक अर्जात लिहा. आमच्या पाहणीला तिसऱ्या आठवड्यात माणसं आली, सिमेंट पडायला आणखी दोन महिने गेले. मोजमाप मात्र स्वतः घ्या, आणि गर्दी ओसरल्यावर, दुपारी दीड-दोनच्या सुमारास घ्या.